शेल्फवरचे चुकीचे डायनासोर काढून टाकू का?

पत्र: मी चाळिशीतली बाई आहे आणि मला प्लास्टिकचे डायनासोर, मॅमथ, सेबरटूथ असले प्राणी जमवायचं वेड आहे. काही लहानपणचे, बाकीचे नोकरी लागल्यावर घेतलेले. परवा ऑफिसमधल्या एकाने फोटो बघितले आणि म्हणाला, यातले अर्धे चुकीचेच आहेत, टी-रेक्स शेपटीवर बसलाय, स्पायनोसॉरसचे पाय लांब आहेत, रॅप्टरला पिसं नाहीत. तेव्हापासून शेल्फकडे बघवत नाही. जुने सगळे काढून आत्ताच्या माहितीप्रमाणे बरोबर असलेले घेऊ का? दुसरं म्हणजे सहा वर्षांच्या लेकीला ते खेळायला हवे असतात, तिने एकाची शेपटी तोडली, मी खूप ओरडले आणि नंतर मलाच वाईट वाटलं. तिसरं, ऑनलाइन मोसासॉरच्या (समुद्रातला जुना, नामशेष झालेला सरपटणारा प्राणी) जबड्याचा फॉसिल घेतला, आता तो खोटा असावा असं वाटतंय. काही जुने प्राणी चिकटही झालेत. नवरा म्हणतो या वयात हे काय, म्हणून पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवते. पुढचा कुठला घेऊ तेही सांगा. – शेल्फवाली

शेल्फवाली ताई,

नवऱ्याचं आधी उरकते कारण त्यात फार काही नाहीये. असे प्राणी घेणाऱ्यांत मोठी माणसं ढिगाने आहेत आणि कंपन्यांना ते पक्कं माहीत आहे, काही सिरीज तर मोठ्यांसाठीच निघतात. तेव्हा वयाचा मुद्दा सोडून द्या. पण ते ऑफिसच्या पत्त्यावर पार्सल मागवणं बंद करा हो. नवऱ्याला खटकतं ते कदाचित डायनासोर नसतीलच, लपवणं असेल. महिन्याला अमुक इतके पैसे यावर जातात असं एकदा सरळ सांगून टाका आणि मग पार्सल घरीच येऊ दे.

आता मुख्य मुद्दा. काढू नका. एकही काढू नका.

तुमचा तो शेपटीवर रेललेला टी-रेक्स चुकीचा आहे हे खरंय, पण ज्याने बनवला त्याने काही मनाचं केलेलं नाही, त्या काळात म्युझियममधले सांगाडेसुद्धा तसेच उभे केलेले होते. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या पीबडी म्युझियममध्ये रुडॉल्फ झालिंगर नावाच्या चित्रकाराने १९४७ मध्ये एक भलंमोठं भित्तिचित्र पूर्ण केलं, त्यातला टी-रेक्स असाच, सरळ उभा, शेपूट जमिनीवर. पुढे १९५५ मध्ये मार्क्स या खेळण्यांच्या कंपनीने प्लास्टिकचे डायनासोर काढले ते बघितले की ते चित्र डोळ्यासमोर येतंच. मग १९६९ मध्ये जॉन ऑस्ट्रॉम या संशोधकाने डायनॉनिकस नावाच्या मांसाहारी डायनासोरबद्दल लिहिलं की हा चपळ होता, पळायचा, शेपूट मागे ताठ धरून तोल सांभाळायचा, आणि तिथून हळूहळू सगळ्यांच्याच पाठी आडव्या व्हायला लागल्या, खेळण्यांच्या मात्र लगेच नाही, कारण साचा बनवायला खर्च येतो आणि एकदा बनवलेला साचा कंपनी जमेल तितकी वर्षं चालवते. त्यामुळे पुस्तकात एक टी-रेक्स आणि खेळण्यांच्या डब्यात दुसराच, असं बरीच वर्षं चाललं. तुमचा लहानपणचा त्या मधल्या काळातला असणार.

यापेक्षा जुनं उदाहरण लंडनचं. क्रिस्टल पॅलेस पार्कात बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्सने केलेले प्राण्यांचे मोठे पुतळे आहेत, १८५४ सालचे, त्यात इग्वानोडॉन या डायनासोरच्या नाकावर शिंग बसवलंय. १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बर्निसार्टच्या कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे सांगाडेच्या सांगाडे सापडले तेव्हा कळलं की ते नाकावरचं शिंग नाही, हाताच्या अंगठ्याचं हाड आहे. म्हणून पुतळे कुणी फोडले का? उलट संरक्षित वारसा म्हणून त्यांची दुरुस्ती करत बसलेत लोक. जुना नकाशा चुकीचा निघाला म्हणून कुणी फाडत नाही, त्याची किंमत त्या चुकांमुळेच असते.

स्पायनोसॉरसचं तर विचारूच नका, तो माझा सगळ्यात लाडका आहे या बाबतीत. अर्न्स्ट श्ट्रोमर या जर्मन संशोधकाने इजिप्तमध्ये सापडलेल्या हाडांवरून १९१५ मध्ये त्याला नाव दिलं. ती हाडं म्युनिकच्या म्युझियममध्ये होती आणि एप्रिल १९४४ मध्ये तिथे बॉम्ब पडले त्यात गेली. मागे राहिली ती श्ट्रोमरची वर्णनं आणि चित्रं, म्हणजे खेळण्याचा शिल्पकार करणार काय, पाठीवरचं शीड माहीत होतं, जबडा थोडाफार माहीत होता, बाकीचं अंग इतर मांसाहारी डायनासोरांवरून उचललं, त्यामुळे पाय लांब आणि ऐटीत उभा. २०१४ मध्ये निझार इब्राहिम हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोरोक्कोत मिळालेल्या हाडांवरून दाखवलं की मागचे पाय चांगलेच आखूड होते. मग २०२० मध्ये शेपटी आली, वल्ह्यासारखी रुंद आणि चपटी. आता तो पाण्यात किती आणि कसा वावरायचा यावर अजून भांडणं चालूच आहेत. म्हणजे बघा, २०१४ च्या आधीचा एक, २०१४ ते २०२० मधला एक आणि त्यानंतरचा एक असे तीन स्पायनोसॉरस शेजारी शेजारी ठेवले तर येणाऱ्या माणसाला न सांगता कळतं की हे काय प्रकरण आहे. ऑफिसमधल्या त्या गृहस्थांना घरी बोलवा आणि हेच दाखवा.

तर मी काय म्हणते, शेल्फ लावायची पद्धतच बदला. आत्ता बहुतेक प्राणी ज्या काळात जगला त्याप्रमाणे, आधी ट्रायसिक मग जुरासिक मग क्रेटेशियस अशी लावली असणार, नाहीतर उंचीप्रमाणे (बरेच लोक उंचीप्रमाणे लावतात आणि कबूल करत नाहीत). त्याऐवजी खेळणं कुठल्या सालातलं आहे त्याप्रमाणे लावा. प्रत्येकाला उलटा करून बघा, पोटाखाली किंवा तळपायाला कंपनीचं नाव आणि बऱ्याचदा साल कोरलेलं असतं. ते साल म्हणजे साचा किंवा डिझाइन केव्हाचं ते, तुमचा नमुना त्यानंतर कितीही वर्षांनी बनलेला असू शकतो, पण आपल्याला डिझाइनचंच साल हवंय. मग प्रत्येकाची एक छोटी नोंद करा, कंपनी, साल, प्राणी, तुमच्याकडे कधी आणि कसा आला, आणि तेव्हा या प्राण्याबद्दल काय माहीत होतं. वही असो नाहीतर मोबाइलमधली एक्सेल, काहीही चालेल, पण कराच, कारण दहा वर्षांनी कुठला कुणी दिला ते अजिबात आठवणार नाही.

हे करताना तुमच्याकडे काय आहे तेही नीट कळेल. इनविक्टा कंपनीचे असतील तर ते लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या सहकार्याने निघालेले, १९७० च्या दशकापासूनचे, सुरुवातीचे एकाच रंगाचे, आणि ते आता सहजी मिळत नाहीत. सफारी कंपनीची कार्नेगी कलेक्शन नावाची सिरीज १९८८ ते २०१५ चालली, पिट्सबर्गच्या कार्नेगी म्युझियमच्या लोकांकडून तपासून घेतलेली. एकच सिरीज सत्तावीस वर्षं चालली म्हणजे तिच्यातच सुरुवातीचे आणि शेवटचे प्राणी वेगवेगळ्या विचारांचे दिसतात, एवढ्या एका सिरीजवर सुद्धा आख्खं कलेक्शन होऊ शकतं. आणि कोरलेलं नाव नसलेला, मूळ खेळण्यापेक्षा किंचित लहान, खवले पुसट झालेले असा एखादा निघाला तर तो बहुतेक दुसऱ्याच्या खेळण्यावरून साचा काढून केलेली कॉपी आहे. तोही ठेवा, नोंदीत कॉपी असं लिहा.

आता जुनं म्हणून चुकीचं वेगळं आणि आळसाने चुकीचं वेगळं, हे मात्र मी मानते. पिसं असलेला सायनोसॉरोप्टेरिक्स हा छोटा डायनासोर १९९६ मध्ये जगासमोर आला, व्हेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांचे उंचवटे असल्याचं २००७ मध्ये छापून आलं. त्यानंतर इतक्या वर्षांनी कुणी व्हेलोसिरॅप्टर बनवतो आणि तो पालीसारखा उघडा, वर हाताचे तळवे जमिनीकडे वळवलेले, तर तिथे माहिती नव्हती ही सबब चालत नाही, सिनेमात तसा दिसतो म्हणून खपतो एवढंच. पापो कंपनीचं रंगकाम आणि सुरकुत्या बघून मीही विरघळते पण त्यांच्या बऱ्याच प्राण्यांवर सिनेमाची छाप आहे हे डोळे उघडे ठेवून घ्यावं. आवडला तर घ्या की, फक्त नोंदीत तसं लिहा.

आणि सगळे नवीन, बरोबर घेऊ का, या प्रश्नातच एक खड्डा आहे. बरोबर कधीपर्यंत? २०२३ मध्ये एका अभ्यासात मांडलं गेलं की टी-रेक्सचे दात मगरीसारखे बाहेर दिसत नसणार, ओठांनी झाकलेले असणार. म्हणजे त्याआधी लोकांनी सगळ्यात अचूक म्हणून घेतलेले किती टी-रेक्स एका दिवसात वादात गेले बघा. तुम्ही आज शेल्फ रिकामं करून बरोबरवाले भराल आणि पाच वर्षांनी मला परत हेच पत्र लिहाल.

जागेचं तुम्ही काही विचारलं नाहीत पण तो प्रश्न येणारच, म्हणून पटकन सांगते. सगळे एकाच स्केलचे हवेत या नादाला लागू नका. १:४० हे या छंदातलं लोकप्रिय स्केल, त्यात बारा मीटरचा टी-रेक्स तीस सेंटीमीटर होतो, ठीक आहे, पण मीटरभराचा कॉम्पसोग्नाथस अडीच सेंटीमीटरचा होतो आणि तीस मीटरच्या पुढचा अर्जेंटिनोसॉरस पाऊण मीटरच्याही पुढे जातो. एक हरवतो आणि एक मावत नाही.

लेकीचं आता. ओरडलात, झालं, तिला सॉरी म्हणा आणि शेपटी दोघी मिळून जोडा. मऊ पीव्हीसीची शेपटी नुसत्या सुपरग्लूने चिकटवली तर थोड्या वाकण्याने परत निघते, म्हणून दोन्ही तुटलेल्या टोकांत बारीक भोक पाडून आत तारेचा छोटा तुकडा घाला आणि मग ग्लू लावा, भोक आणि ग्लूचं काम तुम्ही करा, रंगाचं तिला द्या. रंग ॲक्रिलिकच वापरा, तेलाचा किंवा इनॅमलचा रंग मऊ पीव्हीसीवर कित्येकदा वाळतच नाही, महिनोन्महिने चिकट राहतो.

पण हे पुन्हा होऊ नये म्हणून शेल्फवरचे आणि खेळायचे असे दोन गट उघड उघड करा, आणि खेळायच्या गटात नुसते तुम्हाला नको असलेले टाकू नका, पोरांना ते लगेच कळतं. दोन तीन खरोखर चांगले द्या, नवीन, धडधाकट, चार पायांवर नीट उभे राहणारे. जुने मात्र देऊ नका, ते मौल्यवान आहेत म्हणून नाही. पीव्हीसी मऊ करायला त्यात थॅलेट प्रकारची रसायनं घालतात, खेळण्यांत त्यातल्या काहींवर युरोपने २००५ मध्ये आणि अमेरिकेने २००८ मध्ये ०.१ टक्क्याची मर्यादा घातली, त्याआधीच्या खेळण्यांत किती असेल याला धरबंध नाही, जुन्या रंगांत शिसंही असू शकतं. सहा वर्षांची मुलगी तोंडात घालत नसेल तरी त्यांना हात लावला की धुवायची सवय दोघींनाही हवी.

शिवाय स्वस्तातल्या पिशवीत मिळणारे विचित्र प्राणी येतात ना, कुठल्याच पुस्तकात नसलेले, ते तिला बिनधास्त आणून द्या. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ काढणाऱ्यांपैकी गॅरी गायगॅक्स, त्याने हाँगकाँगमध्ये बनलेल्या असल्याच एका पिशवीतल्या प्लास्टिकच्या प्राण्यांवरून त्या खेळातले काही राक्षस बेतले होते, लोखंड गंजवून टाकणारा रस्ट मॉन्स्टर त्यातलाच. तेव्हा चुकीच्या प्राण्यांनी कुणाचं नुकसान झालेलं नाही.

आणि तिला शेल्फवरचं एक काम द्या. यात डायनासोर नसलेले कोण ते शोध म्हणावं. उडणारा टेरॅनोडॉन सापडेल, पाण्यातला मोसासॉर सापडेल, पण डिमेट्रोडॉनपाशी ती अडकेल, पाठीवर शीड असलेला तो. तो पहिल्या डायनासोरच्या कित्येक कोटी वर्षं आधीच संपला होता आणि नात्याने डायनासोरांपेक्षा आपल्याला, म्हणजे सस्तन प्राण्यांना, जवळचा आहे. माझा अनुभव असा की एवढं कळलं की पोरं आल्या गेल्या प्रत्येकाला थांबवून सांगतात, तयारीत रहा.

चिकटपणाचं कारणही त्या मऊ करणाऱ्या रसायनातच आहे, ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर पृष्ठभागावर येतं आणि धूळ धरतं. कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विड सोपचे दोन थेंब, मऊ टूथब्रश, आणि सावलीत वाळवणं, एवढंच. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा स्पिरिट अजिबात नाही, रंग जाईल. काही महिन्यांनी परत चिकट होतील, परत धुवा, कायमचा इलाज यावर नाही. त्यांना घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, हवा लागू दे, ऊन नको. आणि कडक प्लास्टिकच्या ट्रेवर किंवा थर्माकोलवर ठेवू नका, ते रसायन खालच्या प्लास्टिकला विरघळवतं आणि पाय तिथे चिकटून बसतात. दोन पायांचे पुढे झुकायला लागले असतील तर गरम पाण्यात थोडा वेळ पाय बुडवून, मऊ झाले की सरळ करून, लगेच गार पाण्यात धरायचे. हे लेक शाळेत गेल्यावर करा.

आता तो जबडा. फोटो नाही पाठवलात म्हणून अंदाजाने सांगते, मोरोक्कोच्या फॉस्फेटच्या खाणींमध्ये मोसासॉरचे सुटे दात भरपूर मिळतात, आणि बाजारात येणाऱ्या पुष्कळ जबड्यांत दात खरे पण जबडा वाळू आणि गोंदाचा, असा प्रकार असतो. दात सगळे एका मापाचे, एका रांगेत शिस्तीत, भोवतीचा दगड सगळीकडे सारख्याच रेतीचा, हाड असं काही दिसतच नाही, असं असेल तर तेच आहे. भिंग घेऊन दाताच्या मुळाशी बघा, मोसासॉरच्या दाताचं मूळ चांगलं जाडजूड असतं, तुमच्याकडचे दात नुसते खोचल्यासारखे दिसत असतील तर उत्तर मिळालं. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मिळाला तर अंधारात मारून बघा, कित्येक गोंद आणि भरणं त्यात दगडापेक्षा वेगळी चमकतात. ट्रायलोबाइट म्हणजे समुद्रातले फार जुने कवचाचे प्राणी, त्यांच्या फॉसिलमध्ये रेझिनच्या साच्याचे नकली निघतात, त्यांना भिंगातून बारीक बुडबुडे दिसतात.

खोटा निघाला तर विकणाऱ्याला सरळ लिहा, फोटोंसकट, आणि पैसे परत मागा. तो म्हणेल दात खरे आहेत ना, तर तुम्ही म्हणा, जाहिरातीत जबडा लिहिलं होतं.

यापुढे खऱ्या फॉसिलबाबतीत माझं मत जरा कडक आहे. विकणारा कुठल्या देशातला, कुठल्या ठिकाणचा, कसा बाहेर आला हे सांगू शकत नसेल तर घेऊ नका, कितीही सुंदर असो. मंगोलियातून फॉसिल बाहेर विकता येत नाहीत, तरी २०१२ मध्ये टार्बोसॉरस या टी-रेक्सच्या नातेवाइकाचा आख्खा सांगाडा न्यूयॉर्कमध्ये लिलावाला आला, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१३ मध्ये तो मंगोलियाला परत द्यावा लागला. ब्राझीलमध्ये १९४२ पासून फॉसिल सरकारच्या मालकीचे आहेत, उबिराजारा नावाचा छोटा डायनासोर जर्मनीच्या म्युझियमला २०२३ मध्ये तिकडे परत पाठवावा लागला. म्युझियमांची ही गत, तर आपण कुठे. शिवाय कुठून आला ते माहीत नसलेला फॉसिल अभ्यासाच्या दृष्टीनेही फारसा बोलत नाही. हातात खरं काहीतरी हवंच असेल तर शार्कचा दात घ्या, शार्क आयुष्यात हजारो दात गाळतो त्यामुळे त्यांचा तुटवडा नाही, किंवा अमेरिकेतल्या युटा राज्यातला एलराथिया ट्रायलोबाइट घ्या, छोटासा असतो, मुबलक मिळतो आणि कुठला ते स्पष्ट माहीत असतं.

आणि जबडा हवाच असेल तर कास्ट घ्या, खऱ्यावरून काढलेली प्रतिकृती. त्यात कमीपणा नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधला तो प्रसिद्ध डिप्लोडोकस, डिप्पी, तो प्लास्टरचाच होता, अँड्र्यू कार्नेगीने १९०५ मध्ये दिलेला, मूळ हाडं पिट्सबर्गला. त्याला बघायला पिढ्यान्‌पिढ्या लोक रांगा लावून गेले.

पुढची खरेदी म्हणाल तर २०२० नंतरच्या डिझाइनचा स्पायनोसॉरस. घेताना फोटोत दोनच गोष्टी बघा, मागचे पाय आखूड आहेत का आणि शेपटी शेवटपर्यंत उंच, रुंद आहे का. पोटाखालचा शिक्का दिसेल असा फोटो विकणाऱ्याकडून मागून घ्या, आणि पत्ता घरचा द्या.